खालची फळी

अड्याळला एक आजी राहत होती. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना रस्त्यावर लागणारं हे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, गावात हनुमानाचं देऊळ. आजीचं घर कौलारू, पुढे ओसरी, मागे सांदवाडी. घरात ती, तिचा मुलगा, सून आणि सहावीत शिकणारा नातू, एवढीच माणसं.

आषाढात रोवणी लागली की हे घर दुपारभर रिकामं होई. मुलगा बांधीत चिखल करी. सून रोवणीला जाई. आधी आपल्या बांधीत, मग मजुरीनं दुसऱ्यांच्या. दिवसभर कंबरेत वाकून, पाण्यात पाय ठेवून ती अंधार पडता पडता परत येई. आजीचे गुडघे आता चिखलाला पुरत नव्हते, म्हणून ती ओसरीवर बसून घर राखी.

पाचच्या सुमाराला नातू शाळेतून येई. दप्तर एका कोपऱ्यात, चपला दुसऱ्या कोपऱ्यात आणि तो थेट सैपाकखोलीत. आजी ओसरीवरून हाक मारी, "थांब बाबू, वरण गरम करून देते." पण भिंतीला हात टेकत ती उठेस्तोवर पोराचं पाणी उकळलेलं असे. खालच्या फळीवरची पुडी फोडायची, तिच्यातली नूडल्सची वडी मोडून पाण्यात टाकायची, वरून मसाला. ज्या दिवशी गॅस पेटवायचाही कंटाळा येई, त्या दिवशी पाच रुपयांच्या पुडीतलं काहीतरी कुरकुरीत. आणि रात्री ताट वाढलं की तो म्हणे, "मले भूक नाही."

आजीला हे पाहवेना. तिनं आधी समजावलं. मग रागावली. मग एक दिवस घरातल्या सगळ्या पुड्या उचलून आपल्या लोखंडी पेटीत टाकल्या, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

कुलुपानं एवढंच झालं की पोरगा घरी येण्याआधीच खाऊ लागला. शाळेच्या वाटेवर दुकान होतं. दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकत होत्या आणि पाच रुपये कुठून ना कुठून मिळतच. आजीनं विचारलं की तो म्हणे, "काहीच नाही खाल्लं." त्याच्या बोटांना केशरी तिखट लागलेलं असे. पुडी गेली नव्हतीच, वर घरात खोटं बोलणं आलं होतं. आजीनं पेटी उघडली आणि पुड्या परत फळीवर ठेवल्या.

मग तिनं जवसाचे लाडू केले. जवस भाजून, कुटून, गुळात वळले. लाडू खाल्ला तर पुडी मिळेल, असा करार ठरला. पोरानं लाडू तोंडात टाकला, वरून पाणी प्यायला, गिळला आणि हात पुढे केला. चारसहा दिवसांत नुसता लाडवाचा डबा दिसला तरी त्याचं तोंड वाकडं होऊ लागलं. लाडवाचा यात काही दोष नव्हता. त्याला दंडाच्या जागी बसवलं होतं.

आता सुनेनं मनावर घेतलं. पावसाची उघडीप नव्हती, रोवणी एक दिवस थांबली होती. तिनं मोबाईलवर एक पाककृती पाहिली: नाचणीच्या पिठाची पौष्टिक नूडल्स. नाचणीचं पीठ मिळवलं, त्यात दुधी किसून घातला, सोऱ्यातून लांब लांब धागे पाडले, वाफवले, वरून बेताचं मीठ आणि मिरपूड. रोज वाकून वाकून कंबर गेलेली बाई त्या दिवशी विसाव्याच्या वेळी चुलीपुढे उभी राहिली. ताटलीत ते हुबेहूब दिसत होतं, फक्त रंगानं काळपट.

पोरानं एक घास घेतला. आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"हे ते नाही," तो म्हणाला. "हे खोटं आहे."

सून काही बोलली नाही. ताटली उचलून आत गेली. भांडी घासण्याचा आवाज त्या दिवशी जरा मोठा होता. रात्री आजीनं ते उरलेले धागे आपल्या पानात घेतले आणि जवसाच्या चटणीला लावून खाल्ले. चटणीसोबत ते खरोखर चांगले लागले. त्यांना त्यांचं स्वतःचं काही नाव असतं तर कदाचित पोरानंही खाल्ले असते. दुसऱ्याचं सोंग घेऊन पानात आले आणि म्हणून हरले.

दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेतून आला. आजी आज ओसरीवर नव्हती. सैपाकखोलीत पाटावर बसली होती. पोरगा दारातच थबकला. त्याला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"कर ना तुझं," आजी म्हणाली. "अन् आज माझ्यासाठीही कर."

"तू खाशील?"

"हाव. पाहू दे, काय आहे त्यात."

पोरानं गॅसवर गंज ठेवला. पेल्यानं पाणी मोजून ओतलं. पाण्याला बुडबुडे आले तशी वडी मोडून टाकली, मसाला भुरभुरला, पळीनं दोनदा हलवलं, झाकण ठेवलं. एवढं सगळं करताना तो ताठ उभा होता. घरात कोणी त्याला कधी काही करू दिलं नव्हतं. इथं त्याला सगळं येत होतं. दोन वाट्यांत त्यानं सारखं वाटलं आणि एक वाटी आजीपुढे ठेवली.

आजीनं खाल्लं. "चांगलं लागते रे," ती म्हणाली.

पोरगा पाहतच राहिला.

"तुले यात काय आवडते?"

त्यानं बोटं मोडायला घेतली. "तिखट असते. लवकर होते. अन्..." तो थोडा थांबला. "अन् मी सोताच करतो. तुले उठा लागत नाही."

आजीनं वाटी खाली ठेवली. एवढे दिवस तिला वाटत होतं की पोरगा जिभेच्या मागे लागला आहे. तो तिच्या गुडघ्यांचाही विचार करत होता, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता तिला बोलायला काही सुचेना. तिनं उरलेलं संपवलं, रिकामी पुडी घडी करून पदराला बांधली आणि शेजारी गेली.

शेजारी निवृत्त गुरुजी राहत. आजीनं पुडी त्यांच्यापुढे धरली. "याच्यावर काय लिवलं आहे, ते सांगा."

गुरुजींनी चष्मा पुसला, पुडी उजेडाकडे केली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मैदा. पाम तेल. मीठ. पुढे मसाल्याची यादी. पाम तेल म्हणजे एका ताडाच्या जातीच्या झाडाचं, ते बहुतेक मलेशिया-इंडोनेशियाकडून येतं, असं त्यांनी सांगितलं. मिठाचं सांगितलं की जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. लेकराला त्याहून कमी. त्यातला मोठा वाटा या एका पुडीतच संपतो.

"पण हे इतक्या लवकर शिजते कसं?" आजीला तेच जाणून घ्यायचं होतं.

गुरुजींना असं विचारणारं कोणी पुष्कळ दिवसांत भेटलं नव्हतं. ते खुर्ची पुढे ओढून बसले. जपानात मोमोफुकु आंडो नावाचा माणूस होता, ते म्हणाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं खाण्याचे हाल होते. एक वाटी गरम नूडल्ससाठी माणसं थंडीत रांगा लावून उभी राहत. या माणसानं ठरवलं, घरच्या घरी, नुसत्या उकळत्या पाण्यात होईल असं काही करायचं. पुष्कळ खटपट केल्यावर त्याला युक्ती सापडली. नूडल्स आधी वाफवायच्या, मग तेलात तळायच्या. तळताना आतलं पाणी उडून जातं आणि त्या जागी बारीक बारीक भोकं राहतात. वडी वाळते, महिनोन्‌महिने टिकते. पुढे कधीही उकळत्या पाण्यात टाकली की पाणी भोकांतून आत शिरतं आणि ती मऊ होते. १९५८ साली त्यानं हे बाजारात आणलं. आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकात आलं आणि आता अड्याळपर्यंत पोचलं.

आजी लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे त्यानं वाळवणच केलं," ती म्हणाली. "आपण उन्हात करतो, त्यानं तेलात केलं."

गुरुजी हसले. "तसंच म्हणा."

घरी येऊन आजी सैपाकखोलीत उभी राहिली. भिंतीला तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर तिचे पितळी डबे होते, घट्ट झाकणांचे, तिच्या लग्नातले. एके काळी त्या डब्यांत उन्हाळ्यात केलेल्या शेवया असत, तांदळाचे पापड असत, कुरोड्या, कोहळ्याच्या वड्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, टमाटरच्या चकत्या. रोवणीच्या दिवसांत बाया दमून घरी येत तेव्हा हेच उतरवलं जाई. मूठभर वड्या रश्शात टाकल्या की भाजी झाली. शेवया फोडणीला घातल्या की न्याहारी झाली. मग तिचे गुडघे गेले. सून उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामाला जाऊ लागली. वाळवण एका वर्षी राहिलं, दुसऱ्या वर्षी राहिलं आणि मग कोणी विषयच काढला नाही. आता डबे रिकामे होते. पुडीनं कोणाला हुसकलं नव्हतं. ती रिकाम्या जागेवर येऊन बसली होती.

आजीनं पोराला हाक मारली आणि वरचे डबे खाली उतरवून घेतले. सगळ्यांत खालची फळी पुसली. पुड्या तिनं काढल्या नाहीत, फक्त वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. "पायजे असली तर पाट घेऊन काढजो," ती म्हणाली. "माझी मनाई नाही."

पण बाहेर आषाढ बरसत होता. वाळवण आता होण्यासारखं नव्हतं. म्हणून जे मिळेल त्यावर सुरुवात झाली. बाजारातून मुरमुरे आले, फुटाणे आले, शेंगदाणे आले. आजीनं मोठा डबा भरून चिवडा केला आणि तो तिसऱ्या दिवशी सादळून चिवट झाला. पोरानं तो कोंबड्यांना टाकला. पावसाळ्यात मुरमुऱ्याचा डबा मोठा असून चालत नाही, हे आजीला ठाऊक होतं, पण पुष्कळ वर्षांत करायची वेळ आली नव्हती. मग तिनं लहान बरणी घेतली. सकाळी चूल विझता विझता तव्यावर मूठ-दोन मूठ मुरमुरे परतायचे, फुटाणे टाकायचे, लसूण-तिखटाची फोडणी द्यायची, थंड झालं की बरणी घट्ट. संध्याकाळपर्यंत ते कुरकुरीत राही. पोरगा आला की हात आपसूक बरणीकडे जाई. कधी तो पाट घेऊन वरची पुडीही काढी. आजी पाहून न पाहिल्यासारखं करी.

दिवस पुढे गेले. धान निसवलं, पिकलं, कापणीला आलं. थंडी पडली तशी तलावातले शिंगाडे बाजारात आले. ढिवरांच्या बाया ते उकडून टोपलीत घेऊन बसत. पोरानं दुकानासाठी जपून ठेवलेले पैसे तिथं दिले आणि खिसा भरून शिंगाडे आणले. सोलायला थोडा त्रास होता, पण उकडलेला शिंगाडा खायला घर लागत नाही, ताटली लागत नाही. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आल्या. त्या मिठाच्या पाण्यात उकडून आजी खालच्या फळीवर झाकून ठेवी. रात्री भिजवलेला हरभरा सकाळी शिजवून तसाच ठेवी. त्यावर कांदा, लिंबू, सांबार घालायचं काम पोराचं. सांबार म्हणजे कोथिंबीर. भंडाऱ्याकडे तिला हेच नाव आहे.

एकदा आजीला लाखोळीची आठवण झाली. धान कापायच्या आधीच, बांधीत ओल असताना, उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरायची, ही या भागाची जुनी रीत. तिच्या लहानपणी लाखोळीच्या डाळीचे वडे होत. पण अंगणवाडीची बाई तेव्हा ओसरीवर बसली होती, तिनं आठवण दिली की या डाळीच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली होती ती उगीच नव्हे. दुष्काळात ज्यांनी महिनोन्‌महिने दुसरं काहीच न मिळाल्यानं हीच खाल्ली, त्यांच्यातल्या कित्येकांचे पाय लुळे पडले. आजीनंही तसा एक माणूस पाहिला होता. तिनं वडे बरबटीचे, म्हणजे चवळीचे, केले. जुनं आहे म्हणून सगळंच पोराच्या पानात वाढायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

चैत्र आला. हनुमान जयंती झाली. ऊन तापू लागलं तशी आजीनं माळ्यावरचं शेवयांचं यंत्र काढायला लावलं. त्याला गंज चढला होता. मुलानं ते राखेनं घासलं, तेल दिलं, ओसरीवरच्या बाजेच्या पाटीला स्क्रूनं आवळून बसवलं. आजीनं गव्हाचं पीठ कोंड्यासकट घेतलं, थोडा रवा मिसळला, घट्ट भिजवून कुटून कुटून मऊ केलं. सून त्या दिवशी पहाटेच्या कामावरून लवकर परतली होती. ती गोळे देऊ लागली. पोरानं दांडा फिरवायला घेतला. पहिल्या शेवया तुटक्या आल्या. पीठ सैल होतं. आजीनं त्यात आणखी कोरडं पीठ मळलं. मग खालून लांब, बारीक धागे उतरू लागले. सून ते दोन्ही हातांवर झेलून दोरीवर टाकी. पोरगा अर्ध्या तासात घामाघूम झाला, पण दांडा त्यानं कोणाला दिला नाही.

शेवया वाळल्या. आजीनं त्या कढईत मंद आचेवर तांबूस भाजून डब्यात भरल्या. भाजलेल्या शेवया शिजताना चिकटत नाहीत.

राहिला मसाला. तो आजीनं केला नाही. तिनं धने, जिरे, लाल मिरची, सुंठ, वाळवलेला लसूण, आमचूर, मीठ असं सगळं पुढे मांडलं आणि पोराला म्हणाली, "तुले पायजे तसा कर." पोरानं पहिल्यांदा मिरची इतकी घातली की घरभर ठसका. दुसऱ्यांदा मीठ चुकलं. मग हळूहळू हात बसला. पुडीची चव तशीच्या तशी आली नाही. आणायची होती असंही कोणी म्हटलं नाही. एका बरणीत मसाला, दुसऱ्या बरणीत वाळवलेले टमाटर, गाजराचा कीस आणि कांदा. तिसऱ्या डब्यात शेवया. तिन्ही खालच्या फळीवर.

आणि पुन्हा आषाढ आला. पुन्हा रोवणी लागली. घर दुपारभर रिकामं झालं.

पहिल्या दिवशी पोरगा शाळेतून आला. दप्तर एका कोपऱ्यात, चपला दुसऱ्या कोपऱ्यात. आजी ओसरीवर बसून होती. ती उठली नाही. आतून गंज ठेवल्याचा आवाज आला, मग वास आला. थोड्या वेळानं पोरगा वाटी घेऊन बाहेर आला.

"पुडीपेक्षा जास्त वेळ लागते," तो म्हणाला.

"मग?"

"चालते."

त्या संध्याकाळी सून परतली तेव्हा नखशिखान्त भिजलेली होती. पाय पाण्यानं पांढरे पडले होते. ती भिंतीला टेकून नुसती बसली. रात्रीचा सैपाक अजून व्हायचा होता. पोरगा न सांगता आत गेला आणि तिच्यासाठी एक वाटी करून घेऊन आला. तिनं गरम वाटी दोन्ही हातांत धरली. पहिल्या घासाला म्हणाली, "मीठ कमी आहे." दुसऱ्या घासाला काही म्हणाली नाही. तिसऱ्या घासानंतर तिनं विचारलं, "डब्यात अजून किती आहे?"

आजी ओसरीवरून ऐकत होती. वर्षभर ती पोराच्या खाण्याची चिंता करत होती. झटपट होणाऱ्या अन्नाची खरी गरज या घरात कोणाला होती, ते तिला त्या वेळी दिसलं.

सांगणाऱ्यानं मध्ये बोलू नये, पण इथं थोडं बोलतो. पुडी वाईट आहे, हे आपण लेकरांना रोज सांगतो. त्यांना ते माहीतही असतं. पण पाच वाजता भूक लागते तेव्हा पोराचा हात चांगल्या-वाइटाचा विचार करत नाही, जे हाताशी आहे तिकडे जातो. आणि घरातलं चांगलं अन्न बहुतेक वेळा हाताशी नसतं. ते भिजवायचं असतं, निवडायचं असतं, कोणाच्या तरी उठण्याची वाट पाहत असतं. कारखान्यानं ही अडचण ओळखली आणि तो जिंकला. त्याच्याशी उपदेशानं भांडता येत नाही, आणि दमून आलेल्या आईला बोल लावून तर मुळीच नाही. पुडी घरात शिरते ती बहुधा थकव्याच्या वाटेनं. आजीनं आधी हात कुठवर पोचतो ते पाहिलं, आणि पावसाळ्यातल्या भुकेची सोय उन्हाळ्यात केली. हे काम एकट्या बाईच्या माथी टाकलं असतं तर तेही एक-दोन वर्षांत बंद पडलं असतं. यंत्र मुलानं घासलं, दांडा पोरानं फिरवला, म्हणून ते टिकलं.

पुढच्या चैत्रात ते यंत्र गल्लीतल्या आणखी तीन घरी फिरलं. पोरगा आता आठवीत गेला आहे. दुकानात पुड्या अजून लटकतात आणि महिन्याकाठी एखादी तो आणतो. आणली की दोन वाट्या भरतो, कारण आजीला ती आवडते.